आतून झिजलेलं व्हायोलिन

१

फार वर्षांपूर्वी मी देवाला एक शब्द दिला होता. मुलगी शाळेत जायच्या वयाची झाली तरी बोलत नव्हती. कान चांगले, घसा चांगला, डॉक्टर म्हणायचे वाट बघा. एका सकाळी मी दिवा लावला आणि हात जोडून म्हटलं, "हिला वाचा दे. त्या बदल्यात रोज सकाळी दिवा तेवत असेपर्यंत माझं बोलणं तुझं. जन्मभर."

त्यानंतर थोड्याच दिवसांत मुलीनं पेला माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "दूध फार गरम आहे." पहिलंच वाक्य, आणि तेही तक्रारीचं! मी रडत रडत दूध निववलं. मग ती जी सुरू झाली ती थांबेचना. जेवताना बोलायची, आंघोळ करताना बंद दारामागून बोलायची, झोपेतसुद्धा कोणाला तरी काहीतरी समजावून सांगायची. आमच्या ह्यांनी तिचं नाव टकळी ठेवलं. तेच रुळलं.

माझं मौनही रुळलं. लहानसा दिवा, बोटभर वात. हे पहिल्या पाळीला कामावर गेलेले, टकळी आतल्या खोलीत झोपलेली, आणि मी बाहेरच्या खोलीत देवाच्या फळीसमोर गप्प. हे म्हणायचे, "व्रत तू केलंस आणि फळ मला मिळालं. रविवारी तेवढा वेळ तरी मला कोणी कामं सांगत नाही."

मी हसून सोडून द्यायची. दिलेला शब्द पाळायचा, एवढंच मला कळतं. तो मी एकदाच मोडला. का मोडला, ते सांगते.

२

वन्सं, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, घर बदलत होत्या. एक दिवस त्यांनी एक काळी पेटी आणून आमच्या टेबलावर ठेवली.

"टकळीला घे. शिकतेय ना ती? जर्मन व्हायोलिन आहे, शंभर वर्षांच्या वरचं."

"अहो वन्सं, एवढी मोलाची वस्तू..."

त्या तोवर दारात पोचल्या होत्या. "माझ्याकडे कोण वाजवतंय? नुसतं पडून होतं रेडिओखाली."

पाणीही न घेता गेल्या. एरवी आमच्या दाराशी उभ्या राहून गप्पा मारण्यात त्यांचा तास जायचा. त्या दिवशी जिन्यावर त्यांच्या चपला भराभर वाजल्या. मनात आलं, ह्या देऊन गेल्या की टाकून गेल्या? मग मी स्वतःलाच रागावले. कोणी प्रेमानं काही दिलं तर त्यात खोट काढू नये.

व्हायोलिन मात्र देखणं होतं. मधाच्या रंगाचं. हनुवटी टेकते तिथलं रोगण उडून लाकूड फिकं पडलेलं, मानेजवळ कोणाकोणाच्या तळव्यांनी काळवंडलेलं. पोटावर दोन्ही बाजूंना दोन वळणदार फटी, आत अंधार.

टकळीच्या संगीताच्या बाई बघून हरखल्या. मला म्हणाल्या, "याच्यासमोर काहीतरी बोला."

"काय बोलू?" मी म्हटलं, आणि कोणी हात न लावता तारा हलकेच गुणगुणल्या.

"बघितलंत? माणूस बोललं की हे रिकामं पोट आवाज धरतं आणि तारा थरथरतात. चांगल्या वाद्याची खूण आहे ही."

टकळीनं लगेच त्याच्यासमोर खोकून पाहिलं, शिंकून पाहिलं, बापाच्या घोरण्याची नक्कल करून पाहिली. प्रत्येक वेळी ते गुणगुणलं. आम्ही सगळे पोट धरून हसलो.

म्हणजे समोर कोणी बोललं की ते गुणगुणायचं. एवढं लक्षात ठेवा.

३

पेटी देवाच्या फळीशेजारच्या खुर्चीवर असायची. एका सकाळी दिवा लावून मी बसले होते. ओठ मिटलेले, मनात जप चाललेला. खोलीत चिटपाखरू नाही. आणि पेटीच्या आत तारा गुणगुणल्या.

वाटलं, फ्रिज असेल. त्याची मोटर सुरू झाली की पेलेही थरथरतात. मी उठून फ्रिजची वायर काढली. येऊन बसले. पुन्हा गुणगुण. मग वाटलं, वरच्या मजल्यावर कोणी पाण्याचा पंप लावला असेल. खिडकीतून डोकावले, तर वरच्या वहिनी खाली रस्त्यावर पिशवी घेऊन चाललेल्या. घराला कुलूप.

यंत्राचा आवाज एकसारखा असतो. हा तसा नव्हता. थोडा वेळ चालायचा, शेवटी किंचित वर चढायचा, मग थांबायचा. आपण कोणाला काही विचारतो आणि उत्तरासाठी थांबतो, तसा.

शहाणी बाई घाबरली असती. मी काय केलं असेल? मी आनंदले. इतकी वर्षं रोज सकाळी ज्याला माझं बोलणं देत आले, त्यानं आज ओ दिली असं मला वाटलं. डोळ्यांना धार लागली. दुसऱ्या दिवशी मी व्हायोलिन पेटीतून बाहेर काढलं, खुर्चीवर स्वच्छ रुमाल घातला आणि त्यावर ते ठेवलं. खुर्ची ओढून आणखी जवळ घेतली. मनातल्या मनात विचारायची, टकळीचं नीट होईल ना रे? ह्यांचं गुडघ्याचं दुखणं थांबेल ना? तारा गुणगुणायच्या. मला दिवसभर हलकं वाटायचं.

ह्यांना सांगितलं नाही. ते म्हणाले असते, देवाला विचार, बोनस कधी मिळेल.

४

टकळी कधी कमी बोलायला लागली ते मला नेमकं सांगता येणार नाही. घरातलं घड्याळ थांबलं तर ते कुठे लगेच कळतं?

एका जेवणाच्या वेळी हे म्हणाले, "आज काय, संप का?" तिनं नुसती मान हलवली. दुसऱ्या दिवशी तिची वर्गमैत्रीण जिन्यात मला म्हणाली, "काकू, ती आमच्याशी कट्टी आहे का?" मी तिचं कपाळ चाचपलं, घसा बघितला. काही नाही.

व्हायोलिन मात्र ती सुरेख वाजवायला लागली होती. बाई म्हणाल्या, "जे बोलायचं ते आता वाजवते ही. वयच असं असतं." मग म्हणाल्या, "पण वाद्यात काहीतरी खरखरतंय. आत काही सुटलं असेल. दाखवून आणा."

५

वाद्यं दुरुस्त करणारे म्हातारे गृहस्थ एका बोळाच्या टोकाला बसायचे. लाकूड चिकटवायच्या सरसाचा वास दुकानभर, म्हणून सगळे त्यांना सरसवाले आजोबा म्हणत. डोक्यावर पंखा कुरकुरत होता आणि कोपऱ्यात घासायच्या यंत्राची मोटर नुसतीच फिरत होती.

"आजोबा, मोटर चालू राहिलीय."

"राहू द्या." त्यांनी पेटी उघडली आणि त्यांचे हात थांबले. "आलं का हे पुन्हा!"

त्यांनी तारा उतरवल्या, पातळ सुरी फळीच्या सांध्यात घातली आणि हळूहळू वरची फळी सुटी केली. काम करता करता बोलत होते.

"जर्मन वाद्यं खूप आली आपल्याकडे. त्यातली बरीचशी एका माणसाची नसतात. एका घरात माना कोरायच्या, दुसऱ्या घरात फळ्या, तिसऱ्यात खुंट्या. व्यापारी गोळा करून जोडायचा. आतून कोणी गुळगुळीत करत बसायचं नाही, छिन्नीचे घाव तसेच सोडायचे. आत कोण बघतंय?"

"आणि हे?"

"हे एकाच हाताचं. माझे गुरू सांगायचे, करणारा घंटाघराच्या खालच्या खोलीत काम करायचा. खरंखोटं देव जाणे. पण ताई, फळीवर टिचकी मारून, कान लावून जाडी ठरवावी लागते. आम्हाला शांतता लागते. ह्या माणसानं डोक्यावर घंटा कशाला घेतल्या असतील?"

त्यांनी फळी उलटी करून माझ्यासमोर धरली. "मी पहिल्यांदा उघडलं तेव्हा इथे छिन्नीचे घाव होते. खरबरीत. आता बोट फिरवा."

मी बोट फिरवलं. जुन्या जिन्याची मधली पायरी असते ना, तसं गुळगुळीत. दोन्ही फटींच्या कडा बाहेरून धारदार होत्या, आणि आतून उंबरठ्यासारख्या झिजून गोल झालेल्या.

"बाहेरून माणसाचे हात लागतात. आतून काय लागतं?"

"उंदीर असेल," मी म्हटलं.

"उंदीर कुरतडतो. घासत बसत नाही."

तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला, मोटर थांबली. दुकान एकदम गप्प झालं. त्याबरोबर आजोबा मोठमोठ्यानं बोलायला लागले. "ही सुरी. ही कानस. ही पक्कड. बोला ना ताई. काहीतरी बोला. मुलीचं सांगा."

मी गोंधळून टकळीचं सांगत सुटले, ती कशी बोलत नव्हती, मग कशी बोलली. मी श्वास घ्यायला थांबले की ते "मग? मग पुढे?" करायचे. वीज आली, मोटर घरघरली, तेव्हा त्यांनी कपाळ पुसलं.

"माझ्या वन्संनी दिलंय हे. त्याआधी कोणाकडे होतं?" मी विचारलं.

"मला ठाऊक आहे तो पहिला मालक घड्याळजी. भिंतभर घड्याळं, टिकटिक कधी थांबायचीच नाही. मग एका बँडवाल्याकडे गेलं, सरावाच्या खोलीत टांगलेलं असायचं. तिथून तुमच्या वन्संकडे. रेडिओवाल्या ना त्या? कायम गोंगाटात राहिलंय हे." ब्रश सरसात बुडवत त्यांनी सहज विचारलं, "तुमच्या घरी सकाळी काय असतं?"

"काही नसतं. सकाळी माझं मौन असतं."

ब्रश तसाच हातात राहिला. सरसाचा थेंब फळीवर पडला. त्यांनी चाप लावून व्हायोलिन वाळत ठेवलं आणि मी निघताना एवढंच म्हणाले, "परत न्यायचंच आहे का?"

६

वाद्य दुकानात होतं त्या दिवसांत टकळी पुन्हा भांडायला लागली. भाजी नको, वेणी नीट घातली नाही, बाबा माझं ऐकत नाहीत. मला आनंद झाला. पण दोन आणि दोन चार करायचं मला सुचलं नाही. उलट सकाळी मौनात बसले की त्या गुणगुणीवाचून चुकल्यासारखं व्हायचं. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात एकटेपणी काहीबाही भरतं, असं स्वतःला समजावून मी व्हायोलिन घेऊन आले.

मनातली शंका मात्र जाईना. वन्संना फोन लावला. पलीकडे रेडिओ कोकलत होता.

"वन्सं, जरा तो बंद करता का? ऐकू येत नाही."

"तो बंद नसतो होत. तू मोठ्यानं बोल. मोठ्यानं बोलायला काय होतं तुला?"

"व्हायोलिनबद्दल विचारायचं होतं. तुम्हाला कधी काही..."

"मी वाजवतच नव्हते, मला काय कळणार!" मग रेडिओतलं गाणं संपलं, क्षणभर पोकळी पडली, आणि वन्सं त्या पोकळीत घाईघाईनं बोलल्या, "अगं, ते तुझं गप्प बसणं अजून चालू आहे का? मला वाटलं, पोर बोलती झाली तेव्हाच सोडलं असशील. मला काय माहीत!"

दुसरं गाणं लागलं. फोन बंद झाला.

त्या संध्याकाळी मी टकळीची वेणी घालत होते. ती पुन्हा मुकी झाल्यासारखी बसली होती. मी म्हटलं, "बाळा, काय झालं? आईला नाही सांगायचं?"

ती हळू आवाजात म्हणाली, "तूच सांगतेस ना बोलू नको म्हणून."

"मी? कधी?"

"सकाळी. मी अंथरुणात असते तेव्हा."

"सकाळी माझं मौन असतं, राणी. मी बोलतच नाही."

तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलणाऱ्या माणसाकडे पाहावं तसं.

"तुझाच आवाज असतो. तू म्हणतेस, टकळे, आज तू नको बोलूस. मी बोलते."

७

दुसऱ्या दिवशी मी दिवा लावला. मन म्हणत होतं, पोरीचं स्वप्न असेल. मन असंही म्हणत होतं, दिवा लावूच नकोस. पण शब्द दिलेला. ऊन नुकतंच खिडकीतून आत आलं होतं. व्हायोलिन रुमालावर पडलेलं. मी त्याच्याकडे पाहत बसले. जपाचा पत्ता नव्हता.

गुणगुण सुरू झाली. मी पहिल्यांदाच देवाला बाजूला ठेवून ती ऐकली. आणि मग मला कळलं की ती रोजच शब्दांत होती. मी भक्तीनं कान झाकून घेतले होते, इतकंच.

"टकळे," माझा आवाज म्हणाला. झोपेतून उठल्यावर थोडा बसलेला असतो, तसाच. माझे ओठ मिटलेले होते. मी त्यांना बोटं लावून पाहिली.

टकळी आतल्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. डोळे चोळत. माझ्याकडे तिनं पाहिलंच नाही. खुर्चीकडे पाहत होती.

"आज तू नको बोलूस. मी बोलते."

तिनं शहाण्यासारखी मान हलवली.

"जवळ ये."

मी दिव्याकडे पाहिलं. वात अजून पुष्कळ होती. हिची वाचा मी ज्या शब्दावर मागून घेतली तोच मोडला, तर ती परत गेली म्हणून समजा. आणि नाही मोडला, तर ही पोर समोर चालत जातेय. देवा, मी मनात म्हटलं, तू कोणाची चूक पकडायला टपून बसलेला नाहीस, एवढं मला ठाऊक आहे. मग मी तोंड उघडलं.

"टकळे! इकडे बघ. आई इथे आहे."

माझा आवाज बसलेला निघाला. अगदी तसाच. टकळी थबकली. माझ्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं. चेहरा पांढरा पडला.

"कोणती?" ती म्हणाली.

"इकडे ये, बाळा," मी म्हटलं.

"इकडे ये, बाळा," खुर्चीकडून आलं.

काय करावं सुचेना. मग एकदम आठवलं. "टकळे, अगदी पहिल्यांदा बोललीस तेव्हा काय म्हणाली होतीस?"

खुर्चीकडून काही आलं नाही. तारा नुसत्या थरथरल्या. टकळीचे ओठ हलले. आवाज निघत नव्हता, मग निघाला. "दूध... दूध फार गरम आहे." आणि ती धावत येऊन माझ्या पोटात शिरली.

तिला एका हातानं धरून मी दुसऱ्या हातानं व्हायोलिन उचललं, पेटीत ठेवायला. ऊन तिरपं त्या फटीवर पडलं. आतल्या झिजलेल्या कडेला काहीतरी ओलसर होतं. ते हळूच मिटलं.

८

सरसवाल्या आजोबांनी व्हायोलिन हातात घेतलं आणि तोलून पाहिलं. टिचकी मारली. मग त्याच्यासमोर तोंड नेऊन मोठ्यानं हाक मारली. तारा हलल्या नाहीत. त्यांनी कोपऱ्यातली मोटर बंद केली. पंखाही बंद केला. आम्ही दोघं शांततेत उभे राहिलो.

"रिकामं झालंय," ते हसून म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. "नुसती लाकडाची पेटी राहिलीय. सुटलात ताई तुम्ही."

मी व्हायोलिन तिथेच ठेवलं. जिना चढताना पाय हलके झाले होते. दारात किल्ली लावली आणि हात तिथेच राहिला. त्या कडा आतून झिजल्या होत्या. आतून बाहेर येणाऱ्याच्या घासण्यानं.

दुसऱ्या सकाळी दिवा लावून मी क्षणभर गप्प बसले. क्षणभरच. स्वयंपाकघराच्या फळीवर एक रिकामा डबा होता. त्याचं झाकण बारीक थरथरायला लागलं.

तेव्हापासून घरात रिकामं भांडं ठेवत नाही. डबे भरलेले, पेले पाण्यानं भरलेले, फुलदाणीत वाळू. हे म्हणतात, "तुझ्या घरात माझ्या डोक्याशिवाय काही रिकामं उरलेलं नाही." टकळी खिदळते. हो, टकळी बोलते. भांडते, तक्रारी करते. एखादे वेळी बोलता बोलता मध्येच थांबते, दारात कोणाला आधी जाऊ द्यावं तशी, मग पुढे बोलते. देवानं तिची वाचा परत मागितली नाही. मागणार नाही, माझा विश्वास आहे.

व्रत मी सोडलेलं नाही. नुसतं पालटलंय. आता दिवा तेवत असेपर्यंत मी बोलते. कधी स्तोत्र म्हणते, कधी वाण्याची यादी, कधी काही लिहीत बसते आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचते. हे सगळं तसंच लिहिलंय. आत्ता ऊन खिडकीत आलंय आणि माझा घसा बसत चाललाय.

तुमच्याही घरी अशी एखादी वेळ असेल. मुलं झोपलेली, दार लावलेलं, सगळं गप्प. तुम्हाला हात जोडून सांगते, माझ्यासारखं व्रत धरा. तेवढा वेळ बोला. देवाचं नाव घ्या, नाहीतर भाजीचा भाव सांगा, पण आवाज तुमचा स्वतःचा असू द्या, आणि मुलांच्या कानावर तो पडू द्या. हे वाचत असाल तर मनात वाचू नका.

वात संपत आलीय. मी आता थांबते. मी थांबले की लगेच तुम्ही सुरू करा. बोला ना. काहीतरी बोला.